खाशांना दिलेला दर्जा: गोवा विधानसभेच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
गोवा विधानसभेचे सर्व सन्माननीय सदस्य,
पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

आधी काही तारखा ओळीने लावतो. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात डॉ. प्रमोद सावंत यांच्या मंत्रिमंडळाने माजी मुख्यमंत्री श्री. प्रतापसिंह राणे, म्हणजे आमचे खाशे, यांना तहहयात कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा द्यायचे ठरवले. ८ जानेवारीला निवडणूक आयोगाने निवडणूक जाहीर केली आणि आचारसंहिता लागली. काँग्रेसने तोवर सत्तरी तालुक्यातल्या पर्ये मतदारसंघातून राण्यांचेच नाव जाहीर करून टाकले होते. महिना सरता सरता खाशांनी निवडणूक लढवायची नाही असे सांगितले. भाजपने तिथे त्यांच्या सूनबाई डॉ. देविया राणे यांना उभे केले. १४ फेब्रुवारीला मतदान झाले आणि मार्चमध्ये त्या राज्यातले सर्वांत मोठे मताधिक्य घेऊन आपल्या सभागृहात आल्या. या घटनांचा एकमेकींशी संबंध लावायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. सत्तरीत तरी लोकांनी केव्हाच ठरवले आहे.

दर्जा देण्याचे कारण सांगितले गेले ते आमदारकीच्या पन्नास वर्षांचे. राणे पहिल्यांदा निवडून आले ते १९७२ च्या मार्चमध्ये. म्हणजे जानेवारीत पन्नाशी पुरी व्हायला दोनेक महिने होते, पण सरकारला तेवढा धीर नव्हता. निर्णय एका माणसासाठी आहे असे दिसू नये म्हणून त्याला नियमाचे रूप दिले: पुढे जो कोणी पन्नास वर्षे आमदार राहील आणि मुख्यमंत्री किंवा सभापतिपद भूषवलेला असेल, त्यालाही हाच मान. पंचविसाव्या वर्षी निवडून येऊन पंचाहत्तरीपर्यंत सलग टिकणारा पुढचा माणूस कोण, हे आपण चाळीस जणांनी एकमेकांकडे बघून ठरवावे. या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिकाही गेली. मंत्र्यांची संख्या, खर्च, कर्मचारी हे मुद्दे तिथले आहेत, त्यांत मी शिरत नाही.

माझी तक्रार पैशांची नाही आणि सरकारकडे नाही. ती आपल्याकडे आहे, कारण पन्नास वर्षे ही सभागृहातली होती. आमदाराचे पहिले काम मंत्र्याला जाब विचारणे. त्या कामाची पन्नास वर्षे भरली म्हणून बक्षीस काय, तर मंत्र्याचा दर्जा! आमदार असणे हाच मोठा मान आहे असे आपल्यापैकी एकालाही त्या वेळी म्हणावेसे वाटले नाही. विरोधी बाकांवरून आक्षेप आले ते वेळेवर आणि हेतूवर आले, या मूळ गोष्टीवर नाही.

शेजारच्या महाराष्ट्रातल्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख आठवा. तेही अकरा वेळा आमदार, तेही एकाच तालुक्याचे. १९७२ आणि १९९५ असे दोनदा हरले, पुन्हा उभे राहिले, पुन्हा निवडून आले. मंत्रिपद त्यांच्या वाट्याला थोडेच आले. बाकी सगळी हयात शेकापच्या बाकावर, विरोधात, एसटीने मुंबईला ये-जा करत गेली. त्यांच्या नावामागे कसलाही दर्जा लावायची गरज महाराष्ट्रात कुणाला भासली नाही. खाशांची गोष्ट वेगळी. ते एकदाही हरले नाहीत आणि त्या पन्नास वर्षांतला मोठा भाग मंत्री, मुख्यमंत्री, सभापती, विरोधी पक्षनेते असा कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर गेला. मंत्रिपदाचा मान ज्यांनी आयुष्यभर घेतला त्यांनाच तो पुन्हा तहहयात कशासाठी?

गैरसमज नको म्हणून सांगतो, मी राण्यांचा द्वेष्टा नाही. सत्तरीतल्या माझ्या पिढीला दुसरा आमदार माहीतच नव्हता. आधी सत्तरी मतदारसंघ, मग १९८९ मध्ये विधानसभा तीसची चाळीस झाली तेव्हापासून पर्ये. नाव बदलले, माणूस तोच. अमेरिकेत शिकून आलेला, मोजके बोलणारा, आवाज न चढवणारा हा तरुण गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी मगोतून, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षातून, उभा केला आणि मंत्रीही केला. भाऊसाहेब १९७३ मध्ये गेले. पुढे राणे काँग्रेसमध्ये गेले आणि १९८० च्या जानेवारीत मुख्यमंत्री झाले. तेही कसे, तर इंदिरा गांधींपासून फुटलेल्या अर्स काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले आमदार दिल्लीतला वारा पाहून इंदिरा काँग्रेसमध्ये गेले आणि मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीत डॉ. विली डिसोझा मागे पडून राण्यांचे नाव पुढे आले. २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार एका रात्रीत भाजपवासी झाले तेव्हा आपण सगळे हळहळलो. घाऊक पक्षांतराचा हा रिवाज गोव्यात काल-परवाचा नाही, एवढेच त्या निमित्ताने सांगावेसे वाटते. आणि हेही सांगायला हवे की २०१९ मध्ये जे पाच जण काँग्रेसमध्ये राहिले, त्यांत राणे होते. मुलगा विश्वजित भाजपच्या सरकारात मंत्री असताना राहिले. ही साधी गोष्ट नव्हे.

१९८० ते १९९० हे दशक त्यांचे. गोवा विद्यापीठ त्यांच्या कारकिर्दीत उभे राहिले. १९८३ मध्ये राष्ट्रकुलाचे राष्ट्रप्रमुख आग्वादला विश्रांतीला आले आणि गोव्याचे नाव जगाच्या पर्यटनात जाऊन बसले. १९८६ च्या जुलैमध्ये मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हाही तेच मुख्यमंत्री होते. पणजी आणि बार्देश यांच्यामधली माणसे पुढची कित्येक वर्षे फेरीबोटीच्या रांगेत उभी राहिली. त्याच वर्षी राजभाषेचे आंदोलन पेटले, माणसे मेली. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला, ३० मे १९८७ ला गोवा देशाचे पंचविसावे राज्य झाले. या सगळ्यात राण्यांची भूमिका काय होती, याचे उत्तर कुणाला विचाराल त्यावर ठरते. कोकणीवाल्यांना ते मराठीचे वाटत, मराठीवाल्यांना दिल्लीपुढे आणि कोकणीपुढे नमलेले. मला वाटते, दोन्ही बाजूंना थोडे थोडे नाराज ठेवून निघालेला तो तोडगा होता आणि तो टिकला. हे पत्र मी मराठीत लिहितो आणि ते आपल्या कचेरीत स्वीकारले जाईल, तेही त्याच कायद्यामुळे. घटक राज्याचे पहिले मुख्यमंत्री म्हणून त्यांचे नाव इतिहासात आहे. त्याला कुणाच्या अधिसूचनेची गरज नाही.

आता सभागृहाकडे येतो, कारण खरे बोलायचे ते इथेच.

१९९० च्या मार्चमध्ये राण्यांचे सरकार स्वपक्षीयांनीच पाडले. चर्चिल आलेमाव यांच्यासोबत आमदार फुटले, आणि त्या बंडात खुद्द सभापती लुईस प्रोत बार्बोझ सामील झाले. चर्चिल अठरा दिवस मुख्यमंत्री राहिले आणि नंतर तेच सभापती मुख्यमंत्री झाले. सभापतीची खुर्ची हे सत्तेचे शस्त्र आहे, हा धडा गोव्याने त्या वर्षी शिकला. त्या धड्याचा पहिला बळी राणे होते, हे लक्षात ठेवा. १९९८ मध्ये पुन्हा फूट, पुन्हा डॉ. विली, पुन्हा सरकार गेले.

मग २००५ उजाडले. २ फेब्रुवारीला मनोहर पर्रीकर विश्वासदर्शक ठरावाला सामोरे गेले. सभापती विश्वास सतरकर यांनी अपक्ष आमदार फिलिप नेरी रॉड्रिग्ज यांना मार्शलकरवी सभागृहाबाहेर काढले आणि ठराव जिंकला गेला. राज्यपाल एस. सी. जमीर यांनी त्याच दिवशी पर्रीकरांना बडतर्फ केले आणि राण्यांना शपथ दिली. महिनाअखेरीला राण्यांची पाळी आली. आता हंगामी सभापतींच्या खुर्चीत फ्रान्सिस सार्दिन होते. या वेळी विरोधातल्या एका आमदाराला मतदानापासून दूर ठेवले गेले, आणि सभापतींच्या निर्णायक मताने सरकार तरले. ज्या कृतीचा काँग्रेसने चार आठवड्यांपूर्वी लोकशाहीची हत्या म्हणून निषेध केला होता, तीच कृती आता काँग्रेसच्या कामी आली. ४ मार्चला दिल्लीने राष्ट्रपती राजवट लावून दोन्ही बाजूंचा खेळ थांबवला. पोटनिवडणुका झाल्या आणि जूनमध्ये राणे पुन्हा मुख्यमंत्री झाले.

दोन वर्षांनी, २००७ मध्ये, राणे स्वतः सभापती झाले. मुख्यमंत्रिपद दिगंबर कामत यांच्याकडे गेले होते आणि जुलैतच त्यांचे सरकार डगमगू लागले. मगोने पाठिंबा काढला. विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी मगोच्या दोघा ढवळीकर बंधूंना मतदान करण्यापासून रोखणारा आदेश सभापतींच्या आसनावरून निघाला. त्यांच्याविरुद्धची अपात्रतेची याचिका प्रलंबित आहे, हे कारण होते. सरकार वाचले.

मी या आदेशावर इतका का थांबतो? कारण त्या वेळी सभागृहात या खेळाचे परिणाम स्वतःच्या अंगावर झेललेला सर्वांत अनुभवी माणूस तेच होते. १९९० मध्ये सभापतीच फितूर झाल्याने त्यांचे सरकार गेले होते. २००५ मध्ये आमदार बाहेर काढणाऱ्या सभापतीमुळे त्यांचा पक्ष रस्त्यावर आला होता. तीन दशकांच्या अनुभवानंतर त्या आसनावर बसलेल्या माणसाने म्हणायला हवे होते की अपात्रतेचा निकाल लागेपर्यंत प्रत्येक आमदाराला मत आहे, मग माझ्या पक्षाचे सरकार राहो वा पडो. असे एक वाक्य आपल्या कामकाजात नोंदले गेले असते तर आज पन्नास वर्षांच्या त्या आमदारकीपुढे मी स्वतः हात जोडले असते. ते वाक्य आले नाही. आणि म्हणून त्यानंतर आलेल्या कुठल्याही सभापतीला, कुठल्याही पक्षाच्या, अडवायला गोव्याच्या स्वतःच्या परंपरेत काही सापडत नाही.

सभागृह असे दुबळे राहिले की त्याचे काम रस्त्याला करावे लागते. राण्यांच्या कारकिर्दीत हे पुन्हा पुन्हा दिसले. फोंडा तालुक्यात केरीच्या भूतखांब पठारावरचा नायलॉन सिक्स सिक्सचा कारखाना घ्या. लोकांचा विरोध वर्षानुवर्षांचा, पण तो थांबला १९९५ च्या जानेवारीत, पोलिसांच्या गोळीने एका तरुणाचा जीव गेल्यावर. राणे नुकतेच पुन्हा मुख्यमंत्री झाले होते. कंपनी तमिळनाडूला गेली. प्रादेशिक आराखडा २०११ घ्या. २००६ मध्ये त्यांच्या सरकारने अधिसूचित केला, त्यात डोंगर आणि बागायती बांधकामाला खुल्या झाल्या, गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि २६ जानेवारी २००७ ला खुद्द राण्यांनाच तो मागे घेतल्याचे जाहीर करावे लागले. विशेष आर्थिक क्षेत्रांचे धोरणही त्यांच्याच सरकारचे. ते गुंडाळण्याची घोषणा २००७ च्या शेवटच्या दिवशी कामतांनी केली. लोकांपुढे माघार घेणे हा दुर्गुण नाही, उलट अनेकांना तेवढेही जमत नाही. पण तिन्ही वेळा निर्णय सचिवालयात झाला आणि तो मोडायला माणसांना घरदार सोडून मोर्चात यावे लागले. मधल्या जागी आपण होता. त्या वेळी आपल्या चर्चांनी काय थांबवले, हे कार्यवृत्तात शोधून पाहावे.

आता सत्तरी. याबद्दल लिहिताना हात जरा अडखळतो, कारण इथे राजकारण आणि घरोबा वेगळे काढता येत नाहीत. खाशांकडे लग्नाची पत्रिका आधी जाते, मग नातेवाइकांकडे. दवाखाना, नोकरी, बदली, शाळेतला प्रवेश, सगळ्याची वाट साखळीच्या त्या घराच्या अंगणातून गेली आणि ती वाट कुणालाही बंद नव्हती. अंजुणेचे धरण झाले, रस्ते झाले, वीज आली. हे सगळे खरे आहे. आणि हेही खरे की याच तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या काजू, भात आणि कुळागरे कसणाऱ्या कित्येक कुटुंबांचे नाव आजही एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या, उताऱ्यावर नाही. कुठे जुने मोकासे (जहागिरी), कुठे आल्वारा (पोर्तुगीज काळात सरकारने दिलेल्या जमिनी), कुठे सरकारी पड, कुठे वनखाते आणि १९९९ पासून म्हादई अभयारण्य. बाकी गोव्यात कूळ आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) यांच्यासाठीच्या कायद्यांनी निदान भांडायला वाट दिली, सत्तरीत मात्र कागदच दुसऱ्याच्या नावावर. ज्या राण्यांनी १८५२ आणि १८९५ मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध बंडे केली, त्याच घराण्याच्या मोकाशांचा हा मुलूख. म्हणून हा प्रश्न सोडवायला या माणसाइतका योग्य माणूस गोव्यात दुसरा नव्हता. त्याच्या हाती मुख्यमंत्रिपद एकदा नव्हे, अनेकदा आले.

मेळावली आठवते ना? आयआयटीसाठी शेळ-मेळावलीची जागा ठरली आणि जानेवारी २०२१ मध्ये मोजणीला आलेल्या पोलिसांसमोर बायामाणसे आडवी पडली. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सुटला. त्यांचे म्हणणे एवढेच होते की ही जमीन आम्ही कसतो, कागद तुमच्याकडे असला तरी. वाळपईचे आमदार श्री. विश्वजित राणे यांनीच शेवटी प्रकल्प नको म्हटले आणि १५ जानेवारीला मुख्यमंत्र्यांनी तो रद्द केला. प्रकल्प गेला, उतारा काही आला नाही. त्यानंतर वर्षभराने सत्तरीला काय मिळाले, तर तहहयात दर्जा! तोही सत्तरीच्या माणसाला मिळाला म्हणून आम्ही फटाके लावले. खोटे कशाला सांगू, माझ्या वाड्यावरही लावले.

पिसुर्लेच्या शेतांत खाणीचा गाळ किती वर्षे येतो आहे ते तिथल्या शेतकऱ्यांना विचारा, मी लिहीत बसत नाही. खाणखाते राण्यांकडे होते की नव्हते, ते बाजूला ठेवू. मतदारसंघ होता.

तर मागणे काय. पहिले म्हणजे, आमदारकीच्या कालावधीवरून कुणालाही तहहयात मंत्रिपदाचा दर्जा देण्याचा निकषच नको, असा ठराव आपण करावा. दर्जा कुणाला मिळाला, कुणी घेतला, कुणी सोडला, न्यायालयात काय झाले, यावर तो अवलंबून नको. तो निकष मंत्रिमंडळाने बसवला तेव्हा सभागृहाला कुणी विचारले नव्हते, पण तो सभागृहाच्या नावावर बसवलेला आहे. राण्यांचा सन्मान करायचाच तर विधिमंडळ सचिवालयाने १९७२ पासूनची त्यांची भाषणे, त्यांनी विचारलेले प्रश्न, त्यांनी दिलेली उत्तरे आणि सभापती म्हणून दिलेले सगळे आदेश, २००७ च्या त्या आदेशासकट, लोकांना वाचता येतील असे छापावेत. मराठीत, कोकणीत, जसे असतील तसे. त्यातून त्यांची बाजूही लोकांपुढे येईल. एवढ्या वर्षांत राण्यांनी आत्मसमर्थन असे फारसे केलेलेच नाही, आणि मला ते वाचायला खरोखर आवडेल.

दुसरे, सभागृहाच्या नियमांत दुरुस्ती करावी: विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी, अपात्रतेची याचिका प्रलंबित आहे एवढ्या कारणावरून, कुठल्याही सदस्याला मतापासून रोखता येणार नाही. सतरकर, सार्दिन आणि राणे ही तीन उदाहरणे दोन्ही पक्षांत वाटलेली असल्याने या दुरुस्तीत कुणाला कुणाचा डाव दिसण्याचे कारण नाही. आज ज्यांच्याकडे बहुमत आहे त्यांना ती नकोशी वाटेल. २००५ च्या फेब्रुवारीत बहुमत एका महिन्यात कसे इकडचे तिकडे झाले, ते त्यांनी एकदा आठवावे.

तिसरे सत्तरीचे. किती कुटुंबे कसतात, कुठल्या सर्व्हे क्रमांकात, कागद कुणाच्या नावावर, वनहक्काचे किती दावे कुठल्या टेबलावर पडून, याचे गाववार निवेदन महसूलमंत्र्यांनी सभागृहापुढे ठेवावे. आश्वासन नको आहे, ते प्रत्येक निवडणुकीत मिळते. यादी हवी आहे.

हा तिसरा विषय मांडण्याचा पहिला हक्क पर्येच्या विद्यमान आमदारांचा आहे. डॉ. देविया राणे यांनी खासगी ठराव म्हणून तो आणावा, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे. शुक्रवार खासगी कामकाजाचा असतो. त्यांच्या सासऱ्यांच्या कारकिर्दीत राहून गेलेले हे काम त्यांच्या हातून झाले तर सत्तरीत त्याला कुणी घराणेशाही म्हणणार नाही. त्यांनी नाही आणला तर उरलेल्या एकोणचाळीसांपैकी कुणीही आणावा. कागदपत्रे गोळा करायला गावोगावचे आम्ही लोक येऊ, फक्त कधी आणि कुणाकडे यायचे तेवढे कळवा.

आपला,
पर्ये मतदारसंघातला एक मतदार